स्टॉकफिश : न तपासलेल्या चालींचा हिशेब

स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे चाली शोधणारा संगणक-प्रोग्राम, मोफत मिळते, त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो आणि ताकदीत ते कोणत्याही जगज्जेत्याच्या कितीतरी पुढे आहे. त्यामुळे ते वापरावे की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कोणाची बाजू किती वरचढ हे सांगणाऱ्या त्याच्या आकड्यावर किती विसंबावे, हा. २००८ पासून विकसित होत आलेल्या या इंजिनाची ताकद बऱ्याच अंशी छाटणीतून, म्हणजे काही चाली न तपासताच सोडून देण्यातून, आलेली आहे आणि त्याच्या मर्यादाही तिथेच सापडतात.

छाटणी दोन प्रकारची असते. अल्फा-बीटा ही निर्धोक : आधी सापडलेल्या चालीपेक्षा सरस ठरूच शकत नाही हे सिद्ध झालेली फांदी, म्हणजे चालींची पुढची शक्यता, ती सोडून देते. एका स्थितीत साधारण ३५ चाली शक्य आहेत असे धरले, तर दोन्ही बाजूंच्या मिळून आठ चाली पुढे पाहण्यासाठी सुमारे सव्वादोन लाख कोटी स्थिती तपासाव्या लागतील. चालींचा क्रम उत्तम लागला तर अल्फा-बीटा हेच काम सुमारे ३० लाखांत उरकते आणि उत्तर तसूभरही बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र इंजिन अंदाजाने फांद्या तोडते. ‘नल मूव्ह’ पद्धतीत ते आपली पाळी सोडून पाहते आणि तरीही स्थिती पुरेशी चांगली राहिली, तर खरी चाल केल्यावर ती चांगलीच असणार असे मानून तो शोध थांबवते. झुगझ्वांगमध्ये, जिथे चाल करावी लागणे हेच संकट असते, तिथे हे गृहीतक उलटते. पांढरा राजा एफ५ वर व प्यादे ई४ वर, काळा राजा डी४ वर व प्यादे ई५ वर असेल, तर ज्याची पाळी त्याचे प्यादे जाते. रचनाकारांनी याची दखल घेतली आहे, हे आवर्जून सांगायला हवे : ज्या बाजूकडे राजा आणि प्यादीच उरली आहेत तिच्यासाठी स्टॉकफिश ही पद्धत वापरत नाही आणि खोल शोधात जादा पडताळणीही करते. उंट-हत्ती पटावर असतानाच्या झुगझ्वांगमध्ये धोका पूर्णपणे टळत नाही.

माझ्या मते अधिक गंभीर मर्यादा आहे ती इंजिनाने आधी लावलेल्या क्रमवारीत मागे पडलेल्या चाली कमी खोलीने, म्हणजे कमी चाली पुढपर्यंत, तपासण्याची. १९९८ मध्ये स्पेनमधील लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर तोपालोवविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या ग्रँडमास्टर शिरोवने सत्तेचाळिसाव्या चालीला आपला उंट एच३ वर, थेट प्याद्याच्या तोंडी दिला. विरुद्ध रंगांच्या घरांवरून चालणाऱ्या उंटांच्या त्या एंडगेममध्ये (डावाच्या अखेरच्या टप्प्यात) काळ्या राजाला ई४ गाठण्यासाठी एकच चाल वाचवायची होती आणि तेवढ्यावर डाव जिंकला गेला. त्या काळच्या इंजिनांना ही चाल सापडत नसे. फुकट उंट देणारी चाल यादीच्या तळाशी जाते, तिथे तिला उथळ शोध मिळतो आणि तिचे फळ तर बऱ्याच चालींनंतर दिसते. आजची इंजिने खूप सुधारली असली, तरी तत्त्व तेच आहे. पडद्यावर डेप्थ (शोधाची खोली) ४० दिसते तेव्हा प्रत्येक फांदी तितकी खोल पाहिलेली नसते, हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

म्हणून विश्लेषण करताना एकाच चालीवर न थांबता मल्टीपीव्हीत (एकाच वेळी अनेक चाली दाखवणाऱ्या सोयीत) चार-पाच चाली उघड्या ठेवाव्यात, शंका येणारी चाल स्वतः पटावर करून तिथून नव्याने शोध घ्यावा आणि राजे-प्याद्यांसह सातपर्यंतच मोहरी उरतात अशा एंडगेमसाठी सिझिजी टेबलबेसचे, म्हणजे अशा स्थितींचे निकाल आधीच काढून ठेवलेल्या संग्रहाचे, उत्तर घ्यावे, कारण तिथे अंदाज नसतो.