फलंदाजी आटली की काय बदलायचं: क्रम, हिटिंग कोच की मॅनेजर?

बेसबॉलचा मॅनेजर स्वतः चेंडू मारत नाही. कोण खेळणार, कितव्या क्रमांकावर, कोणत्या पिचरसमोर (चेंडू फेकणाऱ्यासमोर), विश्रांती कोणाला, हे त्याच्या हातात. खेळाडू आणायचे जनरल मॅनेजरने, स्विंगवर काम करायचं हिटिंग कोचने. म्हणून धावा आटल्या की आधी बिघाड कुठे आहे ते शोधावं.

होम रन (थेट मैदानाबाहेरचा फटका) सोडून मैदानात मारलेल्या चेंडूंवरची सरासरी, म्हणजे त्यांतल्या किती चेंडूंवर फलंदाज सुखरूप बेसवर पोचतो ते प्रमाण, मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेत साधारण ०.२९० ते ०.३०० असतं. संघ दोन आठवडे ०.२५० वर अडकलाय, पण स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि वॉक (चार चेंडू झोनबाहेर पडल्याने मिळणारा पहिला बेस) नेहमीइतकेच आहेत, चेंडू बॅटवर जोरात बसतोय? मग ते नशीब आहे, थांबा. अर्ध्याहून अधिक फलंदाजांचे स्ट्राइकआऊट एकदम वाढले असतील तर मात्र बिघाड खरा. बहुतेकदा फास्टबॉलला बॅट उशिरा येते, झोनबाहेरच्या (मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरच्या) ब्रेकिंग बॉलवर, म्हणजे वळणाऱ्या चेंडूवर, बॅट फिरते किंवा कोणीतरी दुखापत लपवून खेळत असतो.

क्रम बदलणं सर्वांत स्वस्त, आणि फायदाही सर्वांत कमी. १६२ सामन्यांत एक क्रमांक वर सरकलं तर फलंदाजाला पंधरा-अठरा जास्त संधी मिळतात, इतकंच. डावखुऱ्या पिचरसमोर उजवे फलंदाज उतरवणं आणि थकलेल्याला दोन दिवस बसवणं याचा उपयोग जास्त. इथली मोठी चूक म्हणजे घाबरून बंट करणं, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून स्वतः बाद होत धावपटूला एक बेस पुढे सरकवणं. पहिल्या बेसवर धावपटू आणि शून्य बाद असताना त्या डावात सरासरी ०.९ च्या आसपास धावा अपेक्षित असतात. बंट यशस्वी झाला तरी त्या ०.७ च्या जवळ उतरतात. अशा हातच्या घालवलेल्या धावांचा जाब मॅनेजरलाच विचारायला हवा.

हिटिंग कोच बदलायचा तो तयारीत खोट दिसली तरच: पिचरचा अभ्यास नाही, सगळ्यांना एकच स्विंग शिकवला जातोय. नवा कोच हंगामाच्या मध्यात स्विंग मोडायला लागला तर आणखी काही आठवडे हातचे जातात. न्यू यॉर्क मेट्सने ३ मे २०२१ ला दोन हिटिंग कोच काढले. हंगाम ७७-८५ वर (७७ विजय, ८५ पराभव) संपला.

मॅनेजर काढण्याचे दाखले दोन्ही बाजूंचे आहेत. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने ०-६ वर कॅल रिपकन सीनियर यांना काढलं, फ्रँक रॉबिन्सन आले, आणि संघ आणखी सलग १५ सामने हरला. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज २२-२९ वर असताना जो जिरार्डी गेले. रॉब थॉमसन यांच्या हाताखाली ६५-४६ करून संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, पोचला. मात्र त्या संघात मारणारे खेळाडू आधीपासून होते, आणि घसरलेला चांगला संघ बरेचदा आपोआपही सावरतो.

सिअ‍ॅटल मरिनर्सचं २०२४ चं उदाहरण निर्णयाला सर्वांत उपयोगी. मे महिन्याच्या अखेरीस फलंदाजीचा समन्वयक काढला, २२ ऑगस्टला ६४-६४ वर मॅनेजर स्कॉट सर्व्हाइस. डॅन विल्सन यांनी २१-१३ केलं, तरी एका सामन्याने प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) हुकला. आमच्या मते मॅनेजर तेव्हाच बदलावा, जेव्हा चुकीचे खेळाडू चुकीच्या वेळी उतरवले जाताहेत किंवा ड्रेसिंग रूम त्याचं ऐकेनाशी झाली आहे. आणि ठरलंच तर ऑगस्टची वाट पाहू नये. थॉमसन आधी फिलीजचेच बेंच कोच (मॅनेजरचे मुख्य मदतनीस) होते. असा माणूस खेळाडूंना आणि संघाच्या खुणांना सरावलेला असतो, त्यामुळे ओळखीपाळखीत आठवडा जात नाही.