सीएफएसई किट: पेशींची वाढ मोजायची तर हेच घ्या

एचआयव्हीबाधितांचं सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) निरोगी माणसाच्या लिम्फोसाइटची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, वाढ रोखतं का, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. पूर्वी किरणोत्सारी थायमिडीन वापरायचो; डीएनएचा हा घटक वाढणाऱ्या पेशी जितका जास्त घेतात, तितका किरणोत्साराचा आकडा मोठा. पण झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचं औषधही थायमिडीनच्याच घडणीचं. ते घेणाऱ्या पेशंटचं सीरम घातलं आणि आकडा घसरला, तर दोष सीरमचा की गोळीचा, हा प्रश्न उरायचाच.

सीएफएसई हा रंग पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो आणि दर विभाजनाला त्याची चमक निम्मी होते. पेशींना विभाजनाला लावणारं, राजम्यातून काढलेलं पीएचए हे प्रथिन घालून पेशी वाढवल्या, की फ्लो सायटोमीटर या एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात एकेक पिढी वेगळी दिसते. सीडी४ आणि सीडी८ हे लिम्फोसाइटचे दोन प्रकारसुद्धा स्वतंत्र पाहता येतात. हे थायमिडीनच्या एका आकड्यात कधीच मिळालं नसतं. मला तर हा आलेख पाहायला फार आवडतं!

किटच्या पत्रकातली मात्रा मात्र आमच्या पेशींना जड गेली, बऱ्याच मेल्या. कमी मात्रेपासून सुरुवात करा. रंगवून झाल्यावर सीरमयुक्त माध्यमानं नीट धुवा. कुप्या छोट्या आहेत हे उत्तम, कारण ओल लागली की रंग वाया जातो. किंमत जास्त आहे, तरी पुढची मागणी मी याचीच नोंदवली आहे.