सच्छिद्र फिल्म करायची आहे? ब्रेथ फिगर की स्निप्स, आधी हे ठरवा

कोल्हापुरात पॉलिमरवर प्रोजेक्ट करणारी मुलं विचारतात, "ब्लॉक कोपॉलिमरची सच्छिद्र फिल्म करायची आहे, पद्धत कोणती धरू?" ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडून केलेली साखळी. मी उलट विचारते, अडवायचं काय आहे? पंचगंगेच्या पाण्यातले जिवाणू साधारण मायक्रॉनभर, म्हणजे हजार नॅनोमीटर आकाराचे. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई विषाणू मात्र जेमतेम 30 नॅनोमीटरचे. निम्मा निर्णय इथेच होतो.

ब्रेथ फिगर या पद्धतीत छिद्र पाडतो पाण्याचा थेंब. कोपॉलिमरचं क्लोरोफॉर्ममधलं एक-दोन टक्क्यांचं द्रावण दमट हवेत काचेवर ओतलं की क्लोरोफॉर्म उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि आरशावर श्वास सोडल्यावर धरते तशी वाफ त्यावर धरते. थेंब दाटीवाटीने षटकोनी रचनेत बसतात. कोपॉलिमरचा जलस्नेही तुकडा थेंबाभोवती गोळा होतो, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. शेवटी थेंब उडून जातात, पोळं मागे राहतं. फिल्म दुधाळ दिसली आणि तिरकी धरल्यावर तिच्यावर इंद्रधनुष्याचे रंग खेळले, की जमलं समजा. 1994 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ताऱ्याच्या आकाराच्या पॉलिस्टायरीनपासून असं पोळं केलं होतं. जुलैत आपल्याकडे ओलाव्याची चिंता नाही. एप्रिलमध्ये झाकणाच्या डब्यात साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, आत सुमारे 75 टक्के आर्द्रता टिकते. पण छिद्रं बहुधा मायक्रॉनच्या मापाची होतात. पेशी वाढवायला किंवा साचा म्हणून उत्तम, विषाणूपुढे निरुपयोगी.

स्निप्स (SNIPS) म्हणजे रेणूंची आपोआप होणारी रचना आणि पाण्यात बुडवून केलेलं विलगीकरण यांची जोड. इथे छिद्राचं माप रेणूच ठरवतो. पॉलिस्टायरीन आणि पॉली-४-व्हिनिलपिरिडीन यांच्या साखळ्या एकमेकींपासून दूर पळू बघतात, पण रासायनिक बंधाने जखडलेल्या असल्याने नॅनोमीटरच्या मापातच विलग होतात. डीएमएफ आणि टीएचएफ या द्रावकांमधलं कोपॉलिमरचं घट्ट द्रावण काचेवर ब्लेडने पसरायचं, काही सेकंद टीएचएफ उडू द्यायचं, मग काच पाण्यात बुडवायची. वर दहा नॅनोमीटरच्या काही पट मापाची, जवळपास एकसारखी छिद्रं, खाली स्पंजासारखा आधार. 2007 मध्ये जर्मनीतल्या गटाने हे दाखवलं. व्हिनिलपिरिडीनच्या साखळ्या आम्लात फुगतात, म्हणून पीएच बदलून छिद्रं आवळताही येतात. मला या पद्धतीचं सर्वांत मोठं आकर्षण हेच वाटतं. अडचण पैशाची आणि वेळेची. कोपॉलिमर महाग आहे आणि स्वतः बनवायचं तर ॲनायॉनिक पॉलिमरायझेशनला (ऋणभारित टोकावर साखळी वाढवण्याच्या पद्धतीला) ओलावा अजिबात चालत नाही. शिवाय बुडवण्याआधीचे ते सेकंद इकडेतिकडे झाले की रचना बिघडते.

एकच सेमिस्टर हातात असेल तर ब्रेथ फिगर घ्या. छिद्रं साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या तारखेसाठी थांबावं लागत नाही. विषाणू गाळायचा असेल आणि दोन वर्षं असतील तर स्निप्सच. नुसतं गढूळ पाणी गाळायचं असेल तर दोन्ही सोडा. पॉलिइथरसल्फोन या प्लास्टिकच्या साध्या मेम्ब्रेनमध्ये (गाळणपटलात) थोडं प्लुरॉनिक मिसळा, तेही ॲम्फिफिलिक, म्हणजे एक तुकडा पाण्याला धरणारा आणि दुसरा टाळणारा असं, ब्लॉक कोपॉलिमरच आहे, स्वस्त आहे आणि त्याने मेम्ब्रेन लवकर चोंदत नाही.