पार्लरवाल्या बाईची दहा डॉलरची नोट

ब्रॅम्पटनला घराच्या बेसमेंटमध्ये माझं पार्लर आहे. थ्रेडिंगचे पैसे बायका अजून रोखच देतात, त्यामुळे कॅनडाची ही जांभळी, उभी नोट रोज हातात येते. नोव्हेंबर 2018 पासून ती चलनात आहे. रोज वापरून झालेलं मत लिहिते आहे.

आधी वस्तू म्हणून. नोट पॉलिमरची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची आहे. ओल्या हातांनी घेतली, तेलाचा डाग पडला, तरी पुसली की स्वच्छ. कडेला उंचवट्याच्या ठिपक्यांचे दोन पुंजके आहेत. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, त्या बोट फिरवून दहाची नोट ओळखतात. गरुडाचं पीस तिरपं केलं की सोनेरीचं हिरवं होतं. कोऱ्या नोटा मात्र एकमेकींना चिकटतात, म्हणून मी नेहमी दोनदा मोजते.

पण मला लिहायचंय ते नोटेवरच्या चेहऱ्याबद्दल. व्हायोला डेस्मंड आमच्याच धंद्यातली. हॅलिफॅक्सच्या ब्यूटी स्कूलमध्ये काळ्या मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ती मॉन्ट्रियलला जाऊन शिकली, परत येऊन पार्लर काढलं आणि पुढे स्वतःची शाळाही. 8 नोव्हेंबर 1946 ला कामानिमित्त जाताना न्यू ग्लासगोत गाडी बिघडली, म्हणून ती सिनेमाला गेली. लांबचं नीट दिसत नव्हतं, म्हणून खाली पुढे बसली. काळ्यांनी वर बाल्कनीत बसायचं, असा तिथला रिवाज. जास्तीचे पैसे देते म्हणाली, तरी ओढून बाहेर काढलं, रात्रभर कोठडीत ठेवलं. खटला कशाचा, तर बाल्कनीचं तिकीट आणि खालचं तिकीट यांच्या करातल्या एका सेंटच्या फरकाचा! दंड आणि खर्च मिळून 26 डॉलर. माफी मिळाली 2010 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर 45 वर्षांनी.

सांगलीला मी पार्लरचा कोर्स लावला तेव्हा घरच्यांनीच नाकं मुरडली होती. ‘लोकांचे केस कापत बसणार का?’ हे मी आत्याकडून ऐकलंय. म्हणून हा चेहरा नोटेवर आहे, याचं मला फार मोल वाटतं.

तो तिथे आला कसा, तेही आवडलं. 2016 मध्ये बँक ऑफ कॅनडाने, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेने, लोकांनाच नावं विचारली. बाई कॅनडाची हवी, काल्पनिक नको आणि जाऊन किमान 25 वर्षं झालेली हवीत. 26,300 सूचना आल्या, त्यातून 461 नावं अटींत बसली. शेवटच्या पाचात विमानांची इंजिनियर एल्सी मॅकगिल होती, कवयित्री पॉलिन जॉन्सन होती. अखेरचा निर्णय अर्थमंत्र्यांचा. मीही व्हायोलाचंच नाव घेतलं असतं. 25 वर्षांची अट तर मला फारच शहाणपणाची वाटते. तेवढ्या काळात माणसाचा गट, त्याचे हितचिंतक, सगळं मागे पडतं आणि काम तेवढं उरतं.

आपल्याकडे 1996 च्या मालिकेपासून रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या नोटांवर गांधीजी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरी एखाद्या नोटेवर सावित्रीबाई असाव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि त्याआधी लोकांना असंच विचारलं जावं.

अर्धा तारा कापते, कारण ती कोण होती हे नोट सांगत नाही. नाव आहे, तेही बारीक. चेहऱ्यामागे जुन्या हॅलिफॅक्सचा नकाशा आहे, त्यात तिचं पार्लर होतं तो गॉटिंगन रस्ताही आहे, पण माहीत असल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार? कॉलेजच्या मुली पैसे देताना विचारतात, ‘आंटी, ही कोण?’ मागे कोणी थांबलं नसेल तर मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवते आणि गाडी बिघडली तिथपासून सांगते.

पाचपैकी साडेचार.