मराठी ऑडिओ बायबल ॲप : आवाज झकास, पण बाविसावा अध्याय कुठं गेला?

मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबलचं एक फुकट ॲप आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे शिव्या घालणारे. दोन महिने झाले रोज लोकलमध्ये ऐकतोय. मी काही ख्रिस्ती नाही, गोष्टी ऐकायचं वेड आहे एवढंच.

आधी चांगलं सांगतो. वाचणारा माणूस जबरदस्त. नाटकी आवाज वगैरे काढत नाही, आजोबा पेपर वाचून दाखवतात तसं सरळ वाचत जातो, आणि 'पहिलं शमुवेल' या पुस्तकातल्या इस्राएलच्या शौल राजाच्या भागाला हे इतकं फिट बसतं ना. तरुण दावीद शत्रूचा, म्हणजे पलिष्ट्यांचा, राक्षसासारखा योद्धा गल्याथ मारतो, तेव्हा बायका डफ वाजवत गातात की शौलानं हजार मारले नि दाविदानं दहा हजार, झालं, त्या एका ओळीवरून राजाचं डोकं जे फिरतं ते फिरतंच. भाला फेकतो, दावीद निसटतो, मग मुलगी देतो म्हणतो आणि देज काय मागतो तर १०० पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा (लिंगाच्या टोकाची कातडी), म्हणजे पोरगा परस्पर लढाईत खपावा. दावीद २०० घेऊन हजर! इथं मी भर गर्दीत हसलो, शेजारचे काका बघायला लागले.

आता तक्रार. ॲपमध्ये दाविदाची एक रेडीमेड प्लेलिस्ट आहे, मी तीच लावली होती. २१ व्या अध्यायात दावीद शौलापासून पळत पळत नोब गावात याजकांकडे, म्हणजे पुजाऱ्यांकडे, येतो, राजाच्या कामावर आहे अशी थाप मारतो, अहीमलेख याजक बिचारा त्याला पवित्र भाकरी देतो, गल्याथची तलवारही देतो, आणि तिथं शौलाचा माणूस दवेग अदोमी हजर असतो. मी कान टवकारून बसलो की आता हा चुगली करणार. तर पुढचा ट्रॅक थेट २४ वा, गुहेत दावीद शौलाच्या झग्याचा काठ कापतोय! आधी वाटलं नेट गेलं. मग कळलं, मधलं उडवलंय.

घरी येऊन ॲपमधल्याच पूर्ण पुस्तकात २२ वा शोधून ऐकला, आणि जेवण गेलं नाही. गिबा गावात शौल झाडाखाली बसलाय, हातात भाला, आणि आपल्याच बन्यामिनी वंशाच्या लोकांना म्हणतोय की इशायाचा पोरगा (म्हणजे दावीद) तुम्हाला शेतं नि द्राक्षमळे देणारे का, तुम्ही सगळे माझ्याविरुद्ध कट करताय, माझी कुणाला कीव नाही. सगळी सत्ता हातात आणि रडगाणं हे! दवेग लगेच तोंड उघडतो. मग बोलावून आणलेला अहीमलेख सरळ सांगतो की दावीद तुमचाच जावई, तुमच्या पदरचा सगळ्यात इमानी माणूस, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. राजा म्हणतो, मारा. आणि पहारेकरी हातच उचलत नाहीत. इथं वाचणारा क्षणभर थांबतो, मग त्याच पेपरवाल्या आवाजात पुढे. दवेग ८५ याजक कापतो, नंतर अख्खं नोब गाव, बायका, तान्ही पोरं, बैल, गाढवं, मेंढरं सगळं. आणि हाच शौल १५ व्या अध्यायात अमालेक्यांचा राजा अगाग नि त्यांची धष्टपुष्ट मेंढरं देवाचा 'सगळं मारून टाका' हा हुकूम मोडून जिवंत राखतो (तो हुकूमही काही कमी भयानक नाही, ते वेगळंच).

एवढं उडवलं की शौल म्हणजे मूड गेलेला सासरा वाटतो फक्त. दावीदही फार सहज सुटतो. कत्तलीतून निसटलेला अहीमलेखाचा मुलगा अब्याथार त्याच्याकडे येतो तेव्हा दावीद कबूल करतो की दवेग तिथं दिसला तेव्हाच मला कळलं होतं हा सांगणार, तुझ्या घरच्यांचं मरण माझ्यामुळे. हेसुद्धा गायब. लहान मुलांसाठी वगळलं असेल म्हणावं तर अग्रत्वचा ठेवल्यात की राव!

वरून प्लेलिस्टमध्ये मागे बासरी वाजते, पूर्ण पुस्तकाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती नाही. फीडबॅक पाठवला, 'तुमचा अभिप्राय महत्त्वाचा आहे' असं ऑटोमॅटिक उत्तर आलं.

पूर्ण पुस्तकाला ५ पैकी ५, प्लेलिस्टला १. पहिलं शमुवेल ३१ अध्यायांचं आहे, १५ पासून लावलं तरी चालेल, फक्त आधी डाऊनलोड करून ठेवा, कुर्ला-सायनच्या मधे रेंज जाते.