ह्यूमन इंटरफेरॉन अल्फा-टू-बी, रिसर्च ग्रेड, 20 मायक्रोग्रॅम : माल एक नंबर, कागदाची बोंब

5 पैकी 4 स्टार देतेय. इंटरफेरॉन म्हणजे सेल्सना व्हायरसविरुद्ध सावध करणारं प्रोटीन. प्रोटीनला पूर्ण मार्क, कापलेला स्टार सगळा लॉटची खरी ॲक्टिव्हिटी सांगणाऱ्या सर्टिफिकेटचा.

आम्ही व्हेरो सेल्सवर (माकडाच्या किडनीपासून बनवलेल्या, लॅबमध्ये वाढवायच्या सेल्स) काम करतो. या सेल्सचे अल्फा-बीटा इंटरफेरॉनचे जीन्स गेलेले आहेत त्यामुळे त्या स्वतः ते बनवत नाहीत, पण रिसेप्टर शाबूत असल्यामुळे बाहेरून दिलं की बरोबर प्रतिसाद देतात, म्हणून अँटिव्हायरल टेस्टिंगला पॉझिटिव्ह कंट्रोल (परिणाम नक्की दिसणारा तुलनेचा नमुना) म्हणून हे लागतंच. ई. कोलायमध्ये बनवलेलं, 165 अमिनो ॲसिडचं. जेलवर टाकलं तर 19 किलोडाल्टनच्या आसपास एकच स्वच्छ बँड, खाली-वर काही कचरा नाही.

व्हायल हातात घेतली की रिकामीच वाटते. आमचा ज्युनियर तर परत पाठवायला निघाला होता! उजेडासमोर तिरकी धरली तेव्हा तळाशी पांढरट पापुद्रा दिसला, तेच 20 मायक्रोग्रॅम. म्हणून आधी स्पिन करा मगच झाकण उघडा, आणि व्हॉर्टेक्स अजिबात नको. 0.1 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) विरघळवा, नाहीतर एवढं पातळ प्रोटीन ट्यूबलाच चिकटून बसतं. मी 10-10 मायक्रोलिटरच्या 20 ॲलिक्वॉट (छोट्या वाटण्या) करून उणे 80 ला टाकल्या, एक काढायची, वापरायची, उरलेली फेकायची.

आता तक्रार. डेटाशीटवर लिहिलंय मिलिग्रॅमला 10 कोटी युनिटपेक्षा जास्त ॲक्टिव्हिटी (युनिट म्हणजे प्रोटीन किती काम करतं याचं माप). म्हणजे व्हायलमध्ये कमीत कमी 20 लाख युनिट, तो हिशोब धरून मी डोस लावले. सर्वात कमी डोसलाही सेल्स पूर्ण वाचल्या, कर्व्ह सपाट! दोन आठवडे व्हायरस स्टॉकवर संशय घेऊन टायटर (त्यात व्हायरस किती आहे ते) परत परत काढत बसले. डीलरला तीन मेल केल्यावर लॉटचं सर्टिफिकेट आलं तर खरी ॲक्टिव्हिटी 26 कोटी. माझा 10 युनिटचा डोस प्रत्यक्षात 26 चा होता. हा कागद बॉक्समध्येच असायला हवा, वजनावर कोणी डोस लावत नाही हो.

हिशोब दुरुस्त केल्यावर मात्र मस्त. 24 तास आधी इंटरफेरॉन दिलं, मग हिरवा चमकणारा व्हीएसव्ही (टेस्टसाठी वापरतात तो व्हायरस) टाकला. दुसऱ्या दिवशी कंट्रोल वेल हिरवीगार आणि गोल होऊन सुटलेल्या सेल्स, शेजारच्या वेलमध्ये अंधार आणि सेल्स छान पसरून बसलेल्या. मी मायक्रोस्कोपवरून उठून मॅडमना बोलवायला धावले. स्टॅट-वनचं (इंटरफेरॉनचा संदेश सेलच्या आत नेणारं प्रोटीन) फॉस्फोरिलेशन, म्हणजे ते चालू झाल्याची खूण, तीही 30 मिनिटांत ब्लॉटवर ठळक आली.

उंदराच्या सेल्स वापरणाऱ्यांनी हे घेऊ नका, माणसाचं अल्फा-टू-बी तिथे फारच कमी चालतं, उंदराचंच मागवा. आणि मॅक्रोफेजवर (रोगप्रतिकारक सेल्स) वापरणार असाल तर एन्डोटॉक्सिनचा (बॅक्टेरियाच्या आवरणातला, या सेल्सना भडकवणारा घटक) आकडा बघून घ्या, बॅक्टेरियातून आलेलं आहे.

दुसरी व्हायल मागवलीये, यावेळी पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायच्या आधी लॉट नंबर आणि सर्टिफिकेट दोन्ही मेलवर मागून घेतलं.