विमानाच्या पंखाच्या टोकाला झेनॉन दिवा की एलईडी?

झेनॉन चमकदिव्याला (झेनॉन वायूची ट्यूब, जी ठरावीक वेळाने लखकन चमकते) सुमारे 400 व्होल्ट तयार करणारा पॉवर सप्लाय लागतो, शिवाय प्रत्येक ट्यूबपर्यंत शील्डेड केबल, म्हणजे बाहेरून धातूच्या जाळीचं आवरण (शील्ड) असलेली. शील्ड फक्त पॉवर सप्लायच्या टोकाला अर्थ करा. दोन्हीकडे केलीत तर हेडसेटमध्ये टक्-टक् घुसू शकते. स्विच बंद केल्यावरही पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज उरतो, म्हणून किमान 5 मिनिटं कनेक्टरला हात नको. विमान वर्षभर पडून राहिलं तर आधी बिघडतो तोही हाच कपॅसिटर.

एलईडी थेट 12 व्होल्टवर चालतो, करंट कमी घेतो. त्याचा शत्रू उष्णता. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा 40च्या वर जातो आणि फायबरग्लासचं टोक उष्णता बाहेर सोडत नाही. तिथल्या मकरपुरा औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमधून 3 मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून घ्या, थर्मल पेस्ट (उष्णता पट्टीत नेणारा लेप) लावून दिवा तिच्यावर बसवा. फायबरग्लासमधून करंट परत येत नाही, तेव्हा निगेटिव्ह वायर वेगळी ओढा आणि पॉझिटिव्हसोबत पिळून न्या. एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, स्वस्तातला असेल तर विमानाच्या व्हीएचएफ रेडिओत खरखर आणू शकतो. टोक बंद करण्याआधी रेडिओ लावून तपासाच.

चमकदिव्याशेजारचे स्थिर पोझिशन लाइट डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकी समोरून बाजूकडे 110 अंशांत दिसणारे: हे दोन्हींत सारखंच.

नव्या पंखात आम्ही एलईडीच लावू. झेनॉनचं वायरिंग आधीच धड असेल तर मात्र उगाच उचकू नका.